सांगण्याचा सराव

शैलश्री मॅडमनी माझ्या शर्टाच्या खिशावर पांढरी चिकटपट्टी लावली, बोट फिरवून दाबली आणि ती तशी छातीवर असतानाच तिच्यावर निळ्या पेनानं 'मारोती' असं लिहिलं. पेनाचं टोक कापडातून आत टोचत होतं. एवढीच गोष्ट, पण त्या टोचण्यानं मी खुर्चीत एकदम ताठ झालो. नोकरीभर मी कॉलेजच्या लायब्ररीत लोकांच्या हातात पुस्तकं दिली आणि परत घेतली. माझ्या अंगावर कधी कोणी काही लिहिलं नव्हतं. "आता तुम्ही धम्मानंद नाही हं, अप्पा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मारोती. कमलनगरकडचे शेतकरी. मानेला गाठ आली, तुकडा काढून हैदराबादला तपासायला पाठवला. आज निकाल आलाय आणि तो वाईट आहे. समोरच्या सिस्टर-ब्रदर लोकांना ते माहीत आहे, तुम्हाला नाही. तुम्ही नाटक करायचं नाही. नुसतं बसायचं आणि ते सांगतील ते ऐकायचं." मी मान हलवली. हलवताना कॉलरच्या आत, उजव्या बाजूला, टाके घातलेली जागा ओढली गेली.

मॅडमना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. वाईट बातमी कशी सांगावी हे शिकवायला त्या कलबुर्गीहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, मला अर्ध्या तासापूर्वी पहिल्यांदा पाहत होत्या, आणि मी कॉलरचं वरचं बटण लावून बसलो होतो. आमच्या भागात तंबाखू फार, गाठी फार, तेव्हा सरावासाठी त्यांनी गाठीचंच प्रकरण निवडलं असणार. मीही कमलनगरचाच; तंबाखू कधी खाल्ली नाही, तरी माझ्याही मानेला गाठ आली होती, माझाही तुकडा हैदराबादला गेला होता, आणि निकाल आला की डॉक्टर माझ्या मुलीला सांगणार होते. मुलगी, दीपमाला, याच दवाखान्यात सिस्टर आहे. ती हॉलच्या मागच्या रांगेत बसली होती आणि फरशीकडे पाहत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी बिदरला आलो होतो ते तेवढ्याचसाठी. वॉर्डातली पोरं एकमेकांपुढे पेशंट होऊन बसली की खिदळतात, म्हणून घरातलं कोणी वडीलधारं आणा, असं मॅडमनी कळवलं होतं. दीपमालानं मला विचारलं, आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण या खेपेला मी हो म्हणालो त्याचं कारण वेगळं होतं. निकाल तिला कळला असेल, तर तो मला तिच्या तोंडावर दिसला असता.

दिसला असता म्हणजे ती हसली असती. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्या घरात वाईट बातमी सांगायची वेळ आली की तोंडावर हसू येतं. आनंदाचं नव्हे. ओठ आपोआप ताणले जातात, गाल वर जातात, आणि आतून माणूस मेल्यासारखा झालेला असतो. माझे वडील बिदरच्या दवाखान्यात वारले तेव्हा आईला सांगायला मीच जीपनं गावी आलो. आई दारात ज्वारी निवडत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि माझं तोंड हसलं. "काय रं, हसायलास कामून?" ती म्हणाली, आणि विचारता विचारताच तिच्या मांडीवरचं सूप तिरकं झालं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. दीपमाला शाळेत असताना तिची सायकल चोरीला गेली, तेव्हा ती अशीच हसत घरात शिरली होती. माझी बायको, इंदिरा, तिला बघून लगेच म्हणाली, "ही हसायलीय, म्हंजी कायतरी इस्कटलंय." म्हणजे घरात आम्हाला ते वाचता येतं. दवाखान्यात येत नाही. पावसाळ्याच्या सुमारास एका म्हातारीच्या मुलाला दीपमालानं सांगितलं की तुमची आई गेली, आणि त्या मुलानं वरपर्यंत तक्रार नेली की सिस्टर हसत होती. तिला वॉर्डातून काढून कपड्यांच्या खोलीत चादरी मोजायला बसवायचं चाललं होतं. हे प्रशिक्षण तिला शेवटची संधी म्हणून दिलं होतं. ही गोष्ट तिनं मला हसत हसतच सांगितली होती.

पहिला आला किरणकुमार, पुरुषांच्या वॉर्डातला ब्रदर. दांडगा, गोड चेहऱ्याचा पोरगा. त्यानं खुर्ची ओढली, पण बसला नाही, तिच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. "काय मारोती अप्पा, जेवलाव का?"

"व्हय," मी म्हणालो.

"तूर कशी हाय औंदा?"

मला तुरीतलं काही कळत नाही. "बरी हाय."

"मग काय! ती गाठ हाय ना अप्पा, तिचं काय टेन्शन घेऊ नगा. जरा हैदराबादला जाऊन यायचं. मोठे डॉक्टर हायत, मशिनीचा शेक देतेत, खाणं चांगलं. चारमिनार बघून या."

मॅडमनी हात वर केला. हात वर गेला की सगळं थांबायचं, असा नियम होता. "मारोती अप्पा, तुम्हाला काय कळलं?"

"हैदराबादला जाऊन शेकून घ्यायचं," मी म्हणालो. "आणि चारमिनार बघायचा."

सगळे हसले. किरणकुमारही हसला आणि डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं तोंडावर सांगितलं तर माणूस तिथंच बसतो बघा. आमी पेशंटला सांगत न्हाई. त्याच्या भावाला सांगतो. भाऊ मेव्हण्याला सांगतो."

"आणि पेशंटला कोण सांगतं?"

"त्याला कळतंच की, मॅडम. घरातले समदे एकदम गोड बोलायलेत म्हनल्यावर."

पुन्हा हशा झाला. मीही हसलो असेन. पण माझं मन एकेक दिवस मागं जात चाललं होतं. या आठवड्यात इंदिरा माझ्याशी गोड बोलली होती का? परवा तिनं न विचारता चहात दूध जास्त घातलं होतं. शेजारच्या पंचाक्षरी मास्तरांनी माझ्याकडून नेलेलं पुस्तक आपणहून आणून दिलं होतं. त्यांनी आजवर एकही पुस्तक वेळेवर परत केलेलं नाही. मग त्यांना कुणी सांगितलं असेल? की माझ्याच डोक्यात हे जाळं विणलं जातंय? मला कोणत्याही गोष्टीची खात्री वाटत नाही, लहानपणापासून वाटत नाही, आणि म्हणून मला पुस्तकं बरी वाटत आली. त्यांत शेवट आधीच लिहिलेला असतो. उलगडून बघायचा की नाही, एवढंच आपल्या हातात. इथं मात्र मी एका खुर्चीत बसलो होतो, छातीवर दुसऱ्याचं नाव होतं, आणि समोर एकेक जण येऊन मला माझ्याच आजाराची बातमी सांगायचा सराव करणार होता. उठून जावंसं वाटलं. पण उठायचं तर काय कारण सांगायचं? मारोतीला उठायचं कारण नव्हतं, आणि धम्मानंद तर तिथं नव्हताच.

मॅडमनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्या स्वतः किरणकुमारच्या जागी येऊन बसल्या आणि करून दाखवलं. आधी खुर्ची अशी आणायची की दोघांचे डोळे एका उंचीवर येतील. मग विचारायचं की तुम्हाला आत्तापर्यंत काय माहीत आहे. मग सांगायचं, सरळ, आजाराचं नाव घेऊन. आणि मग गप्प बसायचं. "हे शेवटचं सगळ्यात कठीण," त्या म्हणाल्या. "आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपण बडबडतो. ती शांतता त्यांची आहे. ती त्यांना द्या." मला त्या बाई आवडल्या. त्यांची मराठी कलबुर्गीजवळच्या आळंदकडची, जरा कानडी वळणाची होती, आणि त्या कुणाला लाजवत नव्हत्या. तरी त्यांनी दीपमालाचं नाव घेतलं तेव्हा मी कॉलरचं बटण चाचपलं.

ती आली. खुर्ची नीट ओढली, बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले. इतक्या जवळून, इतक्या सरळ, आम्ही एकमेकांकडे कधी पाहिलं होतं? घरात आम्ही बोलतो ते काहीतरी करता करता, भांडी पुसताना, चप्पल शोधताना. तिच्या डाव्या भुवईत पांढरा केस होता. तो मला नवीन होता.

"नमस्कार अप्पा. मी दीपमाला, इथली सिस्टर. तुमच्या गाठीबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?"

"तुकडा काढलाय. हैदराबादला पाठवलाय." हे मारोतीचं उत्तर होतं. माझंही तेच होतं.

"त्याचा निकाल आलाय, अप्पा. तो..." आणि तिचे ओठ ताणले गेले.

मागून कुणीतरी कुजबुजलं. मॅडमचा हात वर गेला. पण मी त्या हसण्याकडे पाहत राहिलो, आणि मला वाटलं, मिळालं. याच्यासाठी आलो होतो, ते मिळालं. मग लगेच दुसरं मन म्हणालं, कशावरून? ती मारोतीला वाईट बातमी सांगायलीय, म्हणून ती हसणारच. सगळ्यांसमोर परीक्षा आहे, म्हणूनही हसणार. माझा निकाल तिला कळला असला तरी हेच हसू, नसला तरी हेच. ज्या एका खुणेवर मी भरवसा ठेवला होता, ती खूण या खोलीत निरुपयोगी होती. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा." तिनं पुन्हा सुरुवात केली, आणि त्याच शब्दाला आली तेव्हा पुन्हा तेच झालं. तिचे डोळे भरून आले होते आणि तोंड हसत होतं. मला तिचा हात धरावासा वाटला. मारोतीनं परक्या सिस्टरचा हात धरला नसता.

मॅडम उठून आमच्याजवळ आल्या. मग म्हणाल्या, "जागा बदला." त्यांनी माझ्या खिशावरची पट्टी उचकटली आणि दीपमालाच्या पांढऱ्या कोटावर लावली. "आता ही मारोती. अप्पा, तुम्ही सिस्टर. सांगा."

मी बसलो. समोर माझी मुलगी, तिच्या छातीवर 'मारोती'. मी विचारलं, तुम्हाला काय माहीत आहे. ती म्हणाली, तुकडा काढलाय. मग मी म्हणायला लागलो की निकाल आलाय, आणि मला माझे गाल वर जाताना कळले. मी ते खाली ओढायचा प्रयत्न केला. ते गेले नाहीत. उलट दातही दिसू लागले असणार.

"अगगगं," किरणकुमार मागून ओरडला, "ह्ये तर घराणंच हाय की वो!"

हॉलभर हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दीपमालाला विचारलं, "मारोती, या सिस्टरना हसताना बघून तुम्हाला काय वाटलं?"

दीपमाला माझ्याकडे बघत होती.  "वाटलं, माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त भ्या वाटायलंय."

"मग?"

"मग मलाच ह्यांना धीर द्यावा वाटला."

"बघा," मॅडम हळूच म्हणाल्या. "आजारी तो, आणि धीर द्यायचं कामही त्याच्याच अंगावर." एवढं बोलून त्यांनी पट्टी परत माझ्या खिशावर लावली.

तिसऱ्यांदा दीपमालानं खुर्ची ओढली तेव्हा तिचे दोन्ही पाय फरशीवर सपाट होते. तिनं विचारलं, मी सांगितलं. मग ती म्हणाली, "निकाल आलाय. गाठ कॅन्सरची आहे, बाबा." आणि गप्प बसली.

ठरलं होतं अप्पा. ती बाबा म्हणाली. मॅडमच्या ते लक्षात आलं असेल तर त्यांनी हात वर केला नाही. मी तिच्या तोंडावर ते हसू शोधलं. ओठ जागच्या जागी होते. चेहरा इतका स्थिर होता की मला तो ओळखीचा वाटेना. पंखा फिरत होता, खाली कुठंतरी स्ट्रेचरचं चाक करकरत होतं, आणि ती शांतता, जी माझी होती असं मॅडम म्हणाल्या होत्या, ती मला कुठं ठेवावी कळत नव्हती. मग टाळ्या वाजल्या. "हेच," मॅडम म्हणाल्या, "अगदी हेच." तिची वॉर्डातली जागा राहणार, हे मला कळलं. बाप म्हणून आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही. पण त्याच्याखाली दार ओढून घेतल्यासारखं काहीतरी बंद झालं. आता ती मला काहीही सांगू शकत होती आणि मला आधी काही कळणार नव्हतं.

सगळं संपल्यावर मॅडमनी मला उभं केलं. भूमिका अंगावर घेऊन घरी जायचं नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. ज्यानं भूमिका केली त्यानं चिकटपट्टी काढायची, आपलं खरं नाव सांगायचं, आणि त्या माणसापेक्षा आपण कशात वेगळे आहोत ते एक तरी सांगायचं. मी पट्टी काढली. "मी धम्मानंद," मी म्हणालो. "मला..." सगळे माझ्याकडे पाहत होते. मला गाठ नाही, असं मला म्हणता येत नव्हतं. निकाल आलेला नाही, असंही म्हणता येत नव्हतं. मारोतीत आणि माझ्यात फरक तरी काय होता? "मला शेती नाही," मी म्हणालो. "मी शेतकरी नाही." मॅडमनी समाधानानं मान हलवली. किरणकुमारनं पाठीवर थाप मारली, "अप्पा, नंबर एक पेशंट!" आणि पट्टी माझ्या बोटांना चिकटून बसली. ती निघता निघेना.

संध्याकाळी दीपमाला मला गाडीत बसवायला बसस्टँडवर आली. एरवी ती दवाखान्याच्या दारातूनच निरोप देते. आम्ही एका बाकावर बसलो. ती बसली, मग उठली, आणि माझ्या समोर कुणाची तरी पत्र्याची पेटी होती, तिच्या मालकाला विचारून तिच्यावर बसली. आमचे डोळे एका उंचीवर आले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला काय काय ठावं हाय?"

मी तिच्याकडे पाहिलं.  तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण आता मला तो चेहरा लागत नव्हता.

"सकाळीच डॉक्टरनं सांगितलं," ती म्हणाली. "तेच हाय, बाबा. कॅन्सर. लौकर सापडलाय, उपचार हायत. पण तेच हाय." मग ती गप्प बसली. फेरीवाला शेंगा घेऊन दोनदा समोरून गेला. ती गप्पच बसली.

"म्हंजी तिथं, हॉलमधी," मी विचारलं, "तुला ठावं होतं?"

"पयल्या दोन बारीला मी मारोतीला सांगायचं बघत होते. जमंना. तिसऱ्या बारीला तुम्हालाच सांगितलं."

मी हात कॉलरकडे नेला आणि वरचं बटण काढलं. दिवसभर ते गळ्यात रुतत होतं. हैदराबादचा रस्ता, दवाखान्याच्या रांगा, शेक, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढं येऊ लागलं, पण त्या सगळ्याच्या पुढं, सगळ्यात जवळ, कमलनगरच्या घराचं दार होतं आणि दारात इंदिरा. ती वाट बघत असणार. मी दारात उभा राहणार, आणि माझं तोंड हसणार.

"तुझ्या आईला कोण सांगणार?"

"तुमीच."

"मला जमत न्हाई. बघितलंस की आज."

"बघितलं, म्हणून तर." तिनं ओढणी डोक्यावरून घेतली आणि कपाळापर्यंत ओढली, इंदिरा पदर घेते तशी. "मी आई. सांगा."

"दीपा, लोक बघायलेत."

"अवो, लोक ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि मी दचकलो, कारण आवाज इंदिराचा होता, तीच घाई, तोच खडा सूर. "एवढा येळ कामून लागला? काय म्हनले डॉक्टर?"

"काय न्हाई. जरा हैदराबादला जाऊन..."

"न्हाई, बाबा," तिच्या स्वतःच्या आवाजात. "पुन्हा."

भालकी, कमलनगर, असं ओरडत कंडक्टर गाडीला फेरी मारून गेला. लोक चढले. मी उठायला लागलो तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गाडी भरली आणि निघून गेली. दुसऱ्यांदा मी निकालापर्यंत पोचलो आणि हसलो. तिनं मला थांबवलं नाही. ते हसू ओसरेपर्यंत ती वाट पाहत राहिली, आणि ओसरल्यावर दिसलं की त्याच्या मागं काही भयंकर नव्हतं, नुसता एक थकलेला चेहरा होता. तो मला आतून जाणवला.

"इंदिरा," मी म्हणालो, "माझी गाठ कॅन्सरची हाय."

तिनं शांतता दिली. मी ती घेतली. स्टँडवरचे दिवे लागले. सराव इथं संपायला हवा होता, पण तिनं ओढणी मागं सारली नाही. खाली मान घालून, आईच्याच आवाजात, जरा दबकत तिनं विचारलं, "पोरीला ठावं हाय का?"

हा प्रश्न कुणी शिकवला नव्हता. "हाय," मी म्हणालो. "तिनंच मला सांगितलं."

"कसं सांगितलं तिनं?"

ओढणीखाली मला तिचा चेहरा दिसत नव्हता. नुसती हनुवटी दिसत होती, आणि ती थरथरत होती.

"नीट सांगितलं," मी म्हणालो. "दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर मला ऐकवलं नसतं. तिनं सांगितलं म्हनून मी बसून ऐकू शकलो."